व्हीएम अडली की आधी माऊसवरून हात काढा

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. डिसेंबर, हंगाम ऐन भरात. मी साखर कारखान्याच्या वसाहतीत राहतो, गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या पडायचा आवाज रात्रभर कानावर असतो. फोन वाजला. काट्यावरचे मामा बोलत होते, "सायेब, काटा गपगार झालाय. वजन दिसतंय, पर पावती निघंना. गाड्या फाटकाबाहेर गेल्यात." मागून ट्रॅक्टरचे हॉर्न ऐकू येत होते.

आमच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे व्हीएमवर चालतं. खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं मशीन. नंबर १०१. रात्रपाळीला संगणक विभागात एकच पोरगा असतो, त्याला लगेच फोन लावला. तो म्हणाला, "सर, १०१ पुढं पिवळा त्रिकोण आलाय. रीसेट मारू का?"

"मारू नको. माऊसवरून हात काढ. मी येतोय."

त्या पोराला नंतर मी जे बसवून शिकवलं तेच इथे लिहितोय. आमच्याकडे दोन मशीनवर प्रॉक्समॉक्स आहे, म्हणजे व्हीएम चालवायची लिनक्सवरची सिस्टीम. एक रॅकमधला खरा सर्व्हर, दुसरा डेस्कटॉपच्या बोर्डावर जुळवलेला. त्यामुळे उदाहरणं प्रॉक्समॉक्सची आहेत, पण खाली सगळं लिनक्सचं केव्हीएमच (लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, व्हीएम चालवणारा भाग) असल्यामुळे नुसतं केव्हीएम चालवणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल. कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. रात्री तीन वाजता पोराला त्या ऐकूनच टाइप कराव्या लागतात.

व्हीएम म्हणजे शेवटी एक प्रोसेस

ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मी भीती जाते. २००७ साली लिनक्सच्या २.६.२० कर्नेलमध्ये केव्हीएम आलं, तेव्हापासून लिनक्सच्या दृष्टीने चालू व्हीएम म्हणजे एक साधी प्रोसेस, चालू असलेला एक प्रोग्रॅम. होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवर, प्रोसेसची यादी दाखवणारं पीएस मारलं की "केव्हीएम, डॅश आयडी १०१" अशी लांबलचक ओळ दिसते, तीच आपली व्हीएम. तिला मेमरी लागते, डिस्कवर जागा लागते, नेटवर्कचा ब्रिज लागतो, आणि तिच्या कॉन्फिग फाइलला दुसऱ्या कुणी कुलूप लावलेलं नसावं लागतं. स्टार्ट, शटडाऊन, बॅकअप, स्नॅपशॉट (त्या क्षणीची अवस्था जपून ठेवणं), मायग्रेशन (व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवणं) यांतलं काहीही फसलं, तरी या चारांपैकी कुठेतरी अडलेलं असतं. उरलीच तर होस्टची स्वतःची तब्येत.

म्हणून पहिला प्रश्न "आता काय दाबू" असा नसतो. "कुठं अडलंय" हे आधी शोधायचं.

एरर नीट वाचायची

प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर खाली टास्कची यादी असते. फसलेल्या टास्कवर डबल-क्लिक करा, आख्खा मजकूर उघडतो. तो आधी कॉपी करून ठेवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. बहुतेक जण शेवटची "टास्क एरर" म्हणणारी ओळ तेवढी वाचतात. ती ओळ फक्त निकाल सांगते, कारण तिच्या वरच्या दोन-चार ओळींत असतं. "स्टार्ट फेल्ड, क्यूईएमयू एक्झिटेड विथ कोड १" हे वाचून हाताला काहीच लागत नाही (क्यूईएमयू म्हणजे केव्हीएमच्या जोडीने व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम). त्याच्याच वर "कॅनॉट अॅलोकेट मेमरी" असं काहीतरी लिहिलेलं असतं, खरं दुखणं ते.

एवढ्यावर कळलं नाही तर शेलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर, जा. "क्यूएम स्टेटस १०१", पुढे दोन डॅश आणि व्हर्बोज. यात क्यूएमपी-स्टेटस नावाची ओळ येते, ती फार बोलकी असते. रनिंग असतं, पॉज्ड असतं, किंवा आमच्या त्या रात्रीसारखं आयओ-एरर असतं. मग "क्यूएम कॉन्फिग १०१" मारून पाहायचं की व्हीएमला नेमकं काय काय जोडलंय. त्यानंतर "जर्नलसीटीएल", डॅश के, म्हणजे कर्नेलचं म्हणणं. कर्नेल फार कमी बोलतं, पण बोललं तर ते खरं असतं. स्टार्टच होत नसेल आणि काही उलगडत नसेल, तर "क्यूएम शोसीएमडी १०१", दोन डॅश, प्रिटी. प्रॉक्समॉक्स आतून केव्हीएमची कोणती कमांड चालवतोय ती पूर्ण दिसते. कितीतरी वेळा त्यातच एखाद्या जुन्या डिस्कचा नाहीतर काढून टाकलेल्या कार्डाचा पत्ता सापडलाय मला.

या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत कुणालाही काहीही रीस्टार्ट करू देऊ नका. शेतकी अधिकाऱ्यांना नाही, चीफ केमिस्टना नाही, आणि स्वतःलाही नाही.

पिवळा त्रिकोण: डिस्कची जागा संपली

मी सर्व्हर रूममध्ये पोचलो तेव्हा स्टेटस आयओ-एरर होतं. ही अवस्था नीट समजून घ्या, कारण इथे रीसेट मारणं म्हणजे चालत्या डेटाबेसची मान मुरगळणं आहे.

क्यूईएमयूची नेहमीची सेटिंग अशी असते: लिहिताना साधी डिस्क-एरर आली तर ती आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला कळवायची, पण "जागाच नाही" अशी एरर आली तर व्हीएम जागच्या जागी गोठवायची. गोठवल्यामुळे आतल्या विंडोजला काही झाल्याचा पत्ताच लागत नाही. अर्धवट राहिलेलं लिखाण क्यूईएमयू हातात धरून थांबलेलं असतं. खाली जागा करून दिली की ते लिखाण पुन्हा करतं आणि सगळं होतं तिथून पुढे चालू होतं. रीसेट मारलं तर हातातलं लिखाण गेलं. म्हणून आयओ-एरर दिसला की पहिली शंका जागेचीच घ्या.

"एलव्हीएस" मारलं. आमच्या डिस्क एलव्हीएम-थिनवर आहेत, म्हणजे व्हीएमला डिस्क कागदावर मोठी दिसते, खरी जागा मात्र लिहिलं जाईल तशी सामायिक साठ्यातून, पूलमधून, मिळते. पूलचं नाव प्रॉक्समॉक्स देतो तेच, पीव्हीई स्लॅश डेटा. डेटा टक्केवारीच्या रकान्यात १००.०० होतं. त्याच्या शेजारी मेटा टक्केवारी, ती ४१ होती. हे पाहून जीव भांड्यात पडला. डेटा भरला तर निस्तरता येतं. मेटाडेटा, म्हणजे पूलचा स्वतःचा आतला हिशोब, भरला तर पूल दुरुस्त करायची वेळ येऊ शकते, आणि ते काम रात्री तीन वाजता एकट्याने करायचं नसतं. कर्नेलच्या लॉगमध्ये "रीच्ड लो वॉटर मार्क" आणि त्याखाली "आउट-ऑफ-डेटा-स्पेस" अशा ओळी होत्या. जागा संपल्यावर थिन पूल साधारण ६० सेकंद वाट बघतो, मग एरर द्यायला लागतो. त्या मिनिटातच काटा गपगार झाला होता.

अशा वेळी लोक पहिल्यांदा जुना स्नॅपशॉट काढायला धावतात. पूल पूर्ण भरलेला असताना मी ते करत नाही. काढणं हेही एक लिखाणच आहे, आणि कापायला घ्यावं तर नेमका कामाचाच स्नॅपशॉट हाताला लागतो. त्याआधी "व्हीजीएस" मारून बघा. प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल होताना मोठ्या डिस्कवर साधारण १६ जीबी जागा मुद्दाम मोकळी सोडतो, बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. व्हीफ्री या रकान्यात ती दिसते. आमच्याकडे ती जशीच्या तशी होती. मग एकच कमांड: "एलव्हीएक्स्टेंड", डॅश कॅपिटल एल, अधिक १० जी, पीव्हीई स्लॅश डेटा. सगळी १६ देऊ नका, थोडी हाताशी राहू द्या. पुन्हा एलव्हीएस. टक्केवारी ९८.७ वर आली. मग "क्यूएम रिझ्यूम १०१".

काटा परत चालू झाला तेव्हा ३ वाजून ५० मिनिटं झाली होती. त्यातली पंधरा मिनिटं मी वसाहतीतून सायकलवर येण्यात गेली, दहा-बारा वाचण्यात, आणि राहिलेली एकेक कमांड दोनदा तपासण्यात. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

आता मूळ दुखणं. १०१ वरचा डेटाबेस रोज रात्री दोन वाजता आपली बॅकअप फाइल डी ड्राइव्हवर टाकतो आणि सात दिवसांपूर्वीची काढतो. विंडोजच्या दृष्टीने हिशोब जमलेला. पण व्हीएमच्या डिस्कवर डिस्कार्डची (रिकामी झालेली जागा पूलला कळवायची) खूण केलेली नव्हती, त्यामुळे विंडोजने काढलेली जागा खालच्या पूलला कधी परत मिळतच नव्हती. वर मे महिन्यात अपडेटच्या आधी घेतलेला एक स्नॅपशॉट तसाच लटकलेला, जुने सगळे ब्लॉक धरून बसलेला. साडेसातशे जीबीच्या पूलवर आम्ही मिळून अकराशे जीबीच्या डिस्क वाटल्या होत्या. थिनमध्ये ते चालतं, पण मग लक्ष ठेवावं लागतं. नवी डिस्क करताना दर वेळी टास्कमध्ये एक वॉर्निंग येते, थिन डिस्कची बेरीज पूलपेक्षा जास्त झाली आहे म्हणून. ती मी दोन वर्षं पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी चार गोष्टी केल्या. मे महिन्यातला स्नॅपशॉट काढला. डिस्कला डिस्कार्डची खूण केली, व्हीएम पूर्ण बंद करून चालू केली, आणि विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्ह चालवलं. लिनक्स व्हीएममध्ये त्यासाठी "एफएसट्रिम", डॅश एव्ही. पूल ९८ वरून ६३ टक्क्यांवर उतरला. तिसरी गोष्ट एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमधली, थिन-पूल-ऑटोएक्स्टेंड-थ्रेशोल्ड, पूल किती टक्के भरला की आपोआप वाढवायचा तो आकडा. मुळात ती १०० असते, म्हणजे बंद. ती ८० केली. मोकळी जागा उरलेली असेल तरच तिचा उपयोग, हे लक्षात ठेवा. चौथी गोष्ट म्हणजे रोज संध्याकाळी सहा वाजता एलव्हीएसचे ते दोन आकडे मोबाइलवर पाठवणारी छोटी स्क्रिप्ट.

कुलूप दोन तऱ्हेचं असतं

"व्हीएम इज लॉक्ड", आणि पुढे कंसात बॅकअप, स्नॅपशॉट-डिलीट किंवा मायग्रेट. ही ओळ वर्षातून दहा वेळा तरी दिसते. हे कुलूप म्हणजे व्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली एक ओळ. बॅकअप चालू असताना लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, मशीन उठल्यावर ती ओळ तशीच राहिली, असं होतं. आधी खात्री करा की ते काम खरंच चालू नाही. टास्कच्या यादीत फिरणारं चक्र नाही ना, पीएसमध्ये व्हीझेडडंप, म्हणजे बॅकअप घेणारा प्रोग्रॅम, नाही ना. मग "क्यूएम अनलॉक १०१". बॅकअपच्या कुलपाला एवढं पुरतं.

स्नॅपशॉट-डिलीटचं कुलूप काढल्यावर मात्र काम संपत नाही. "क्यूएम लिस्टस्नॅपशॉट १०१" करून पाहा, अर्धवट निघालेला स्नॅपशॉट यादीत राहिलेला असतो. तो "क्यूएम डेलस्नॅपशॉट", नंबर, नाव, दोन डॅश फोर्स करून काढायचा. मायग्रेटचं कुलूप असेल तर आधी दोन्ही मशीनवर जाऊन पाहा, व्हीएम नेमकी कुठे चालू आहे ते. एकच डिस्क दोन ठिकाणांहून उघडली गेली तर ती डिस्क संपली.

दुसरं कुलूप वेगळं. "कान्ट लॉक फाइल... गॉट टाइमआउट." इथे क्यूएम अनलॉक काहीच करत नाही, आणि पोरं मग वैतागून लॉकची फाइलच उडवायला निघतात. उडवू नका. याचा अर्थ एवढाच की या क्षणी दुसरी कुठली तरी प्रोसेस त्या व्हीएमवर काम करतेय. "फ्यूझर" त्या लॉक-फाइलवर चालवलं की कोण धरून बसलंय त्याचा नंबर मिळतो. दहातल्या नऊ वेळा तिथे तुम्हीच मघाशी दाबलेलं शटडाऊन वाट बघत उभं असतं. ते टास्क थांबवा, मग स्टॉप करा.

शटडाऊन ऐकत नाही

"पॉवरडाऊन फेल्ड, गॉट टाइमआउट." स्टॉप दाबायच्या आधी कन्सोल उघडून बघा. विंडोज अपडेट बसवत असेल तर चहा घेऊन या, तेवढंच करण्यासारखं असतं. कन्सोलवर सगळं शांत असेल तर गेस्ट एजंटकडे, म्हणजे व्हीएमच्या आत बसून प्रॉक्समॉक्सचे निरोप ऐकणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जा. प्रॉक्समॉक्सच्या ऑप्शनमध्ये एजंट चालू केलेला, पण व्हीएमच्या आत तो बसवलेलाच नाही, हे नेहमीचं. मग शटडाऊनचा निरोप अशा माणसाकडे जातो जो घरीच नाही. आत एजंट बसवा, नाहीतर ऑप्शन बंद करा. आणि ऑप्शन बदलल्यावर व्हीएम आतून रीस्टार्ट करून चालत नाही, पूर्ण बंद करून पुन्हा स्टार्ट करावी लागते. यात माझा एकदा आख्खा रविवार गेला होता.

स्टॉप केलं तरी व्हीएम मरत नाही, किल डॅश ९ ला पण दाद देत नाही, असंही होतं. पीएसच्या स्टॅट रकान्यात त्या प्रोसेसपुढे डी असेल तर ती कर्नेलमध्ये डिस्कची वाट बघत अडकलीय. तिला मारत बसण्यात अर्थ नाही. डिस्क कुठे अडलीय ते शोधा. आमच्याकडे बॅकअप नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या वेगळ्या साठवणीच्या मशीनवर जातो, एनएफएस नावाच्या फाइल-शेअरिंगने. प्रशासन इमारतीतला शिपाई संध्याकाळी सगळे बोर्ड बंद करून गेला आणि त्यात नॅसचाही बोर्ड होता. प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर सगळ्या व्हीएमपुढे राखाडी प्रश्नचिन्हं, स्टोरेजची स्थिती सांगणारं "पीव्हीईएसएम स्टेटस" लटकलेलं. नॅस चालू केला, स्क्रीनवरची ही माहिती गोळा करणारी पीव्हीई-स्टॅट-डी सर्व्हिस रीस्टार्ट केली, दोन मिनिटांत सगळं हिरवं. त्या बोर्डावर आता लाल पट्टी आहे.

स्टार्टच होत नाही

यातला माझ्या लक्षात राहिलेला प्रसंग नाण्याएवढ्या बॅटरीचा आहे. जुळवलेलं मशीन मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस बंद होतं. चालू केलं तर एकही व्हीएम उठेना. एरर अशी: "केव्हीएम व्हर्च्युअलायझेशन कॉन्फिगर्ड, बट नॉट अव्हेलेबल." सुट्टीआधी चालत होतं, आज प्रोसेसर व्हर्च्युअलायझेशन विसरला कसा? मग जर्नलमधल्या तारखांकडे लक्ष गेलं. मशीन स्वतःला कित्येक वर्षं मागच्या काळात समजत होतं. बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी संपली होती. त्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेलं होतं, आणि डेस्कटॉप बोर्डांमध्ये मूळ सेटिंगला व्हर्च्युअलायझेशन बऱ्याचदा बंदच असतं. बॅटरी बदलली, बायोसमध्ये जाऊन इंटेलचं व्हीटी-एक्स चालू केलं, एएमडीच्या बोर्डात तेच एसव्हीएम नावाने मिळतं, तारीख लावली, झालं. अशी एरर आली की आधी मशीनची तारीख बघा. तारीख चुकलेली असेल तर पुढचं शोधायची गरजच उरत नाही.

सीडीचा घोळ त्याहून साधा. सहा महिन्यांपूर्वी ड्रायव्हर बसवायला व्हीएमला आयएसओ, म्हणजे सीडीची फाइल, जोडली, नंतर जागा करायला ती फाइल उडवली. व्हीएम चालू होती तोवर काही कळलं नाही. रीस्टार्ट केल्यावर "व्हॉल्यूम डझ नॉट एक्झिस्ट". हार्डवेअरमध्ये जाऊन सीडी ड्राइव्हला "डू नॉट यूज एनी मीडिया" करा.

मेमरीचं दुखणं दोन रूपांनी येतं. स्टार्टला "कॅनॉट अॅलोकेट मेमरी" आलं तर हिशोब सरळ आहे, बेरीज करा. दुसरं रूप फसवं: व्हीएम बंद सापडते, पण टास्कच्या यादीत ती बंद केल्याची नोंदच नाही. कुणी हात लावला म्हणून आपण माणसांवर संशय घेतो. कर्नेलच्या लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" आणि पुढे केव्हीएम शोधा. होस्टची मेमरी संपली, आणि कर्नेलने सर्वांत मोठी प्रोसेस उचलून मारली. झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल तर तिचा कॅशे जुन्या इन्स्टॉलमध्ये निम्म्या मेमरीपर्यंत जातो, प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनचा इन्स्टॉलर तो दहा टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी, असा बांधून देतो. वरच्या आवृत्तीवर अपग्रेड करून आलेलं मशीन मात्र जुन्याच मर्यादेवर असू शकतं.

व्हीएम उठली पण नेटवर्क नाही, आणि आदल्या दिवशी मशीनमध्ये नवं कार्ड बसवलंय? लॅन-पोर्टचं नाव बदललं असणार. "आयपी लिंक" मध्ये दिसणारं नाव आणि इंटरफेसेस फाइलमधल्या व्हीएम-ब्रिज शून्यला जोडलेलं नाव ताडून बघा, फाइल दुरुस्त करा, "आयएफरीलोड", डॅश ए.

दोन मशीनचं क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडून चालवलेली जोडी, असेल तर अजून एक. एक मशीन बंद असताना दुसऱ्यावर काहीच स्टार्ट होत नाही, "क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम". दोन मतांच्या क्लस्टरला बहुमतासाठी दोन्ही मतं लागतात. "पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १" म्हटलं की चालतं, पण ते म्हणायच्या आधी उठून दुसऱ्या मशीनपाशी जा आणि ते खरंच बंद आहे हे डोळ्यांनी बघा. नुसती केबल निघाली असेल आणि ते तिकडे व्हीएम चालवत असेल, तर तीच व्हीएम इकडेही उठवून बसाल. आम्ही नंतर एका रास्पबेरी पायवर क्यूनेट बसवून तिसरं मत दिलं.

बॅकअप फसला तर डिस्ककडे बघा

बॅकअप फसण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे नॅस भरलेला असतो, आणि ते लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. गेस्ट एजंट फाइलसिस्टिम गोठवताना अडकला तर लॉग एफएसफ्रीझच्या ओळीवर थांबलेला दिसतो. ही दोन्ही निस्तरता येतात.

पण "जॉब फेल्ड विथ एरर मायनस ५, इनपुट आउटपुट एरर" आलं तर हातातलं बाकी सगळं सोडा. रोजच्या कामांत व्हीएमच्या डिस्कचा कोपरान् कोपरा वाचणारं काम म्हणजे बॅकअप. महिनोन् महिने कुणी न वाचलेल्या जागेवर डिस्क खराब झालेली असते, आणि ते पहिल्यांदा बॅकअपलाच कळतं. "स्मार्टसीटीएल", डॅश ए, ती डिस्क. पेंडिंग किंवा रीअॅलोकेटेड सेक्टरचे आकडे वाढत असतील तर बॅकअप पुन्हा पुन्हा चालवत बसू नका. आधी महत्त्वाची व्हीएम दुसऱ्या स्टोरेजवर हलवा, आतून डेटाबेसचा बॅकअप काढून घ्या, नवी डिस्क मागवा. आम्ही असा एक इशारा आठवडाभर "नॅसचाच घोळ असेल" म्हणून सोडून दिला होता. त्यात शेती विभागाच्या ऊसनोंदीचे तीन दिवस गेले. शेती विभागातल्या तिघांनी बसून शेतावर जाऊन ऊसनोंद करणाऱ्या चिटबॉयांच्या डायऱ्यांवरून ते परत भरले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मायग्रेशनबद्दल थोडक्यात: जोडलेली आयएसओ काढा, यूएसबी किंवा कार्ड थेट दिलेलं नसावं, आणि दोन मशीनचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असतील तर सीपीयू टाइप होस्ट (खरा प्रोसेसर जसाच्या तसा व्हीएमला दाखवणारा) ठेवू नका. चालू व्हीएम पलीकडे जाऊन जागच्या जागी कोसळते. प्रॉक्समॉक्सच्या आठव्या आवृत्तीपासून नव्या व्हीएमला मिळणारा एक्स ८६-६४-व्ही २-एईएस हा टाइप आमच्या दोन्ही मशीनवर चालतो.

चालू झाल्यावर लगेच उठून जायचं नाही

त्या रात्री रिझ्यूम केल्यावर पोरगा खुर्चीवरून उठला. मी त्याला परत बसवलं.

गोठलेल्या व्हीएमचं घड्याळही गोठलेलं असतं. बाहेर ३ वाजून ५० झाले होते, आणि १०१ च्या कोपऱ्यात २ वाजून ३२ मिनिटं. काट्याची पावती तीच वेळ छापते. गव्हाणीकडे गाड्या त्याच वेळेच्या क्रमाने सुटतात, आणि रिकाम्या गाडीच्या वजनाला भरलेल्या गाडीची वेळ जुळावी लागते. ज्या शेतकऱ्याचा ऊस संध्याकाळपासून ट्रॉलीत वाळतोय त्याला आपला नंबर मागे गेलेला चालत नाही, चालूही नये. मी काट्यावर फोन करून मामांना म्हटलं, "दोन मिनिटं एकही गाडी काट्यावर घेऊ नका." मग १०१ मध्ये कमांड प्रॉम्प्टवर "डब्ल्यू ३२ टीएम", स्लॅश रीसिंक. घड्याळ उडी मारून जागेवर आलं. लिनक्स व्हीएम असेल तर "टाइमडेटसीटीएल" मध्ये सिंक्रोनाइज्ड येस झालंय ना ते बघा.

मग डेटाबेसची सर्व्हिस चालू आहे ना, इव्हेंट लॉगमध्ये डिस्कची काही तक्रार आहे का, काट्याच्या इंडिकेटरवरून वजन येतंय का, प्रिंटरच्या रांगेत काय अडकलंय. रांगेत एकच पावती होती, २ वाजून ३१ मिनिटांची, गोठण्याआधी वजन झालेल्या टायरगाडीची. तिची वेळ बरोबर होती, ती जाऊ दिली. दरम्यान मामांनी कार्बन ठेवून हाताने लिहिलेल्या ३७ पावत्या होत्या. त्या सकाळी त्यांच्या खऱ्या वेळेसकट सिस्टीममध्ये चढवायच्या म्हणून पोराने तेव्हाच वेगळ्या फाइलला लावल्या.

मी फोनवर म्हटलं, "मामा, घ्या आता." पुढची गाडी काट्यावर चढली. पावती निघाली, तिच्यावर ३ वाजून ५४ मिनिटं होती.